पदराआडची बाटली

कीर्तनात महाराजांनी यशोदेला चुलीपाशी नेलं, दूध उतू जायला लागलं, मांडीवरचा कृष्ण तिनं अर्धपोटीच खाली ठेवला, आणि नेमक्या त्याच घडीला सत्यभामाबाईंच्या मांडीवरच्या चार महिन्यांच्या नातीनं भोकाड पसरलं.

मांडवात हशा पिकला. महाराजही हसले. "माउली, कथा तिलाच कळली! पाजा आधी तिला."

पाजा म्हणे! सत्यभामाबाईंनी नातीला थोपटलं. पाजणारी, म्हणजे त्यांची सून जया, तलाठ्याच्या परीक्षेला यवतमाळला गेलेली. जाताना बाटली हातात देऊन म्हणाली होती, "आई, माहंच दूध हाय, काढून ठेवलं. भूक लागली का द्या." ती बाटली आता कोमट करून, रुमालात गुंडाळून टाळांच्या पिशवीत दडवलेली होती. बाहेर काढायची वेळ येऊ नये, एवढंच त्या सकाळपासून पांडुरंगाला मागत होत्या. कारण सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी, याच मांडवात, शेजारच्या बबिताच्या हातात बाटली पाहून त्यांनी चार बायांसमोर तिला सुनावलं होतं, "वासरू कधी बाटलीनं पेते का व? माह्या घरात तं बाटली उंबऱ्याच्या आत येनार नाही!"

आणि बबिता आज बरोबर त्यांच्या पाठीमागं बसली होती.

उठून घरी जावं, तर काल्याचं, शेवटच्या दिवसाचं कीर्तन हुकत होतं. सात दिवस ऐकायचं आणि काल्यालाच उठायचं, हे काही त्यांच्या जिवाला पटेना. पोर तर टाळ-मृदंगाच्या वर आवाज चढवून रडत होती. शेवटी त्यांनी पांडुरंगाच्या तसबिरीकडे पाहिलं, मनातल्या मनात कान धरले, नातीला पदराखाली घेतलं आणि दुसऱ्या हातानं पिशवी चाचपली.

रडणं थांबलं. चुक्‌चुक् आवाज सुरू झाला. सत्यभामाबाई डोळे मिटून पुन्हा कथेत शिरल्या.

डोळे उघडले, तेव्हा तांड्यावरच्या जमनीबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"अवं माय व!" जमनीबाईंचा हात छातीवर गेला. "हिच्या अंगावर लेकरू पेऊन राह्यलं!"

साठीला टेकलेली बाई! बातमी बायांच्या बाजूनं सरसरत गेली आणि पुरुषांच्या बाजूला उतरली. तिथं टाळ वाजवणाऱ्या पंजाबरावांना, सत्यभामाबाईंच्या मालकांना, शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. "काहो, घरात काय चालू हाय?"

पंजाबरावांचा टाळ चुकला. "मले तं काही सांगतलं नाही बाप्पा तिनं!"

जमनीबाईंनी महाराजांसाठी आणलेला नारळ सत्यभामाबाईंच्या पायाशी ठेवला आणि डोकं टेकवलं. मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. कुणी कपाळाला बुक्का लावला. सत्यभामाबाई "अवं, तसं नाही, आयका तं" म्हणत राहिल्या, पण इतक्या हळू, की त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. आणि खोटं कशाला सांगा, घडीभर त्यांना बरंही वाटलं. आजवर त्या दुसऱ्यांच्या पाया पडत आल्या होत्या.

मृदंग थांबला. महाराज वाकून बघू लागले. "माउली, हा काय प्रकार?"

खरं सांगावं, तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. दडवावं, तर समोर पांडुरंग, गळ्यात तुळशीची माळ.

एवढ्यात पाठीमागून बबिता पुढं आली. कडेवर तिचा पोरगा प्रेम, तिच्याच खांद्याचं हाड चोखत असलेला. तिनं सत्यभामाबाईंचे पाय धरले.

"काकू, माह्या अंगावर येतच नाही व दूध. किती काय काय खाल्लं. तुमी बोल्ल्या तवापासून मांडवाच्या मांगं जाऊन पाजतो याले, कोनी पाहू नाही म्हनून." तिनं डोळे पुसले आणि पोराला पुढं केलं. "तुमाले देवानं देल्लं. घ्या ना याले बी थोडसं."

अंगावर पाल पडावी तसा सत्यभामाबाईंनी पदर झटकला. अर्धी रिकामी बाटली साऱ्या मांडवाला दिसली.

"हे घ्या, पाहा माहा चमत्कार!" त्या महाराजांकडे बघून म्हणाल्या. "देवकी गेली परीक्षेले. तिचंच दूध हाय. यशोदेले निस्ती बाटली धरता येते."

तोंडातली बाटली सुटल्यानं नातीनं पुन्हा सूर लावला. बाटली तिच्या तोंडात परत देत सत्यभामाबाईंनी बबिताचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"याची बाटली कुठी हाय? काढ. आन् मांडवाच्या मांगं गेली तं पाह, आता खरंच बोलीन."

पुरुषांच्या बाजूनं पंजाबरावांचा टाळ एकदम खणखणीत वाजला. महाराजांनी हसून उपरणं सावरलं आणि दूध उतरवून यशोदेला पुन्हा कृष्णाकडे आणलं. पहिल्या रांगेत दोन लेकरं उघड्यावर, चुक्‌चुक् करत पीत होती.

जमनीबाई हळूच पुढं सरकल्या. सत्यभामाबाईंच्या पायाशी ठेवलेला आपला नारळ त्यांनी उचलला, पदरानं पुसला. दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं. मग नारळ होता तिथंच परत ठेवून दिला.