पाहुणे आले बघ

ऊन अंगणात येईपर्यंत माझं रोज मौन असतं. त्या पहाटे तळ्याकाठी फिरताना लव्हाळ्यातून लेकीचा आवाज आला, "आई, पाहुणे आले बघ!" लेक तर घरी झोपली होती. लव्हाळं बाजूला सारलं, तर आत दीर, जाळं आणि स्पीकर. परदेशी बदकांची हाक लेकीनं माझ्याशी बोलता बोलता फोनवर रेकॉर्ड केली होती. "काकालाही ऐकू दे गं," म्हणत यानं मागून घेतली. त्याच हाकेला भुलून थवा जाळ्यावर उतरत होता. मी संतापून स्पीकर पाण्यात भिरकावला. दीर हसला. "शिकारबंदी-बिंदी मला सांगू नका, वहिनी. तशाही तुम्ही बोलणार कशा? देवाला शब्द दिलाय ना!" पाखरं खाली येतच होती. मी जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले, "पळा रे बाळांनो!" थवा उडाला. मौन मोडलंच होतं. मी दिराकडे वळले.