घाम फुटणारं पॅनल

जतच्या दुष्काळी माळावर तीन तऱ्हेची सौर पॅनल चाचणीसाठी उन्हात उभी होती. तिसऱ्याला घाम फुटायचा. रात्री हवेतली ओल पिऊन ते दुपारी त्या घामानं गार राहायचं. तरी दोनच्या सुमारास तेच का तापतं, हे इंजिनियर शलाकाला कळेना. आज ती दबा धरून बसली. धूळ पुसणारी सोजरबाई पॅनलचा घाम फडक्यानं टिपून कळशीत पिळत होती.

"अहो मावशी, घाम पुसलात की त्याला ताप चढतो! नापास होईल ते."

"होऊ दे की! पत्र्याला प्यायला मिळतंय, आन् माझ्या बाळंतीण सुनेला न्हाई."

शलाकानं कळशीतलं घोटभर पिऊन पाहिलं. गोड होतं. तिनं अहवालात विजेच्या आकड्यांशेजारी नवा रकाना आखला: पाणी, कळश्यांत.