नव्या प्लास्टरचं पाणी

येसेनियानं लांब दांड्याचा ब्रश तलावाच्या तळाला टेकवून ओढला आणि ती थबकली. काल ब्रश सरसर गेला होता. आज खरखर वाजला. मागोमाग पांढरं पीठ उठलं आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं.

"अपा, आजही खूप चुना निघतोय," तिनं बापाला हाक मारली.

"निघणारच. नवं प्लास्टर आहे, ओकतं." एलेउतेरियो काठावर उकिडवा बसला होता, तपासणीची काचेची नळी हातात घेऊन. तुसॉन शहरात पोहायचा नवा तलाव भरला की पाण्यातल्या औषधांचा मेळ बसवायला त्यालाच बोलवायचे. गवंडी त्याला तलावांची सुईण म्हणून चिडवत, आणि तो चिडायचा नाही, उलट खूश व्हायचा.

त्यानं नळीत पाणी घेतलं, लाल औषधाचे थेंब टाकले, हलवलं आणि नळी उन्हाकडे धरली. "पीएच साडेसात. ॲसिड नको."

कालही साडेसात. परवाही. पाणी भरल्यापासून या तलावात ॲसिडचा एक थेंब पडला नव्हता. नवं प्लास्टर पाण्याचा पीएच रोज वर ढकलतं, तो रोज ॲसिड घालून खाली आणावा लागतो, नाहीतर सुटलेला चुना भिंतींवरच खवल्यांसारखा चिकटून बसतो. हे तिला शिकवलं कुणी? यानंच. तिनं वाकून बापाच्या खांद्यावरून पाहिलं. साडेसातला नारिंगी रंग यायला हवा. नळीतलं पाणी गर्द जांभळं होतं.

तिला एक गोष्ट आठवली. वसंतात त्यानं पिकअपची किल्ली तिच्या हातात दिली होती, "गुडघा धरतो, तू चालव" म्हणून. तिनं बिचारीनं गुडघ्याला मलम आणून दिलं होतं.

घरमालकीण मिसेस लिंडक्विस्ट अनवाणी बाहेर आल्या आणि पाण्यातल्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "एलेउतेरियो, परवा ही पायरी लोण्यासारखी लागत होती. आता तळपाय खरचटतोय. गवंडी म्हणतात, आमचं काम चोख आहे, पाणीवाल्याला विचारा. मग विचारते. हे असंच राहणार का?"

"तान्ह्या बाळाचीही कातडी आधी सोलते, बाई," तो हसून म्हणाला. "मग बघा कसं तुकतुकीत होतं."

त्या हसल्या नाहीत. ओली पावलं उमटवत आत गेल्या.

"अपा, एकदा मी तपासू?"

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"सराव नको का व्हायला?"

"कर बाई, कर. उद्या मला पेन्शनीत काढशील."

येसेनियानं त्याच्याकडे पाठ केली. नळी धुतली, पाण्यानं भरली, अंगठा लावून हलवली. औषधाची बाटली तिनं उघडलीच नाही. नुसतं पाणी तिनं बापाच्या हातात दिलं. शिव्या द्या मला, ती मनात म्हणत होती. गाढवे, थेंब कोण टाकणार, तुझा नवरा? असं म्हणा. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडा.

एलेउतेरियोनं टोपी मागे सारली. नळी उन्हाकडे धरली, जरा तिरपी केली, पुन्हा सरळ केली. चांगला वेळ घेतला.

"हे बघ. साडेसात. उगाच जीव खातेस माझा."

बापाचा इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

जाळीच्या दारातून मिसेस लिंडक्विस्ट यांनी विचारलं, "काय निघालं मग?"

येसेनिया दाराकडे वळली. "ॲसिड लागणार, बाई. रोज थोडं थोडं घालू आणि घासत राहू. वेळेत कळलंय, खरखर बरीच उतरेल. अपांनी आत्ताच तपासलं."

"देवा. सकाळपासून हेच ऐकायचं होतं मला," त्या म्हणाल्या आणि दारातून आत वळल्या.

नळी अजून एलेउतेरियोच्या बोटांत होती.

"थेंब टाकलेच नव्हतेस," तो म्हणाला.

"नाही."

"कुठला रंग होता मघाशी?"

"जांभळा, अपा. गर्द."

त्यानं मान हलवली. "मला वाटलं, हळूहळू डोळ्यांना सवय होईल. रोज वाटायचं, आज दिसेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या आईला बोलू नकोस."

"डॉक्टरकडे आलात तर नाही बोलणार."

"आईवरच गेलीस," तो म्हणाला आणि गुडघ्यावर जराही हात न टेकता उठला.

पिकअपमधून त्यानं स्वतःच ॲसिडचा कॅन, बादली आणि माप आणलं. हातमोजे चढवले, ॲसिड उडू नये म्हणून जाड चष्मा लावला. बादलीत आधी पाणी घेतलं, कारण ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे करताना त्याचा हात कुठंही अडला नाही. मग त्यानं प्लास्टिकचं माप उचलून डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, पुन्हा जवळ नेलं.

येसेनिया पुढं झाली आणि तिनं माप घ्यायला हात लांबवला. त्यानं ते दिलं नाही.

"ओतायचं मीच," कॅन तिरपा करत तो म्हणाला. "रेघेला आलं की तू थांब म्हण."