घरापुरता पत्ता

"मॅडम, माझ्या घरातल्या टॅबचा आयपी ॲड्रेस आणि हिच्या घरातल्या टॅबचा ॲड्रेस एकच कसा? मग माझा मेसेज हिच्याकडं नाही का जायचा?" शेजारच्या बाईकडं बोट करत शेवंताबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

नाडगौडा मॅडमनी खडू टेबलावर आपटला. "घरातला ॲड्रेस घरापुरता. बाहेर दिसतो तो राउटरचा. उद्याच्या परीक्षेत हाच प्रश्न आहे. तीन दिवस घसा फोडतेय, तुमच्या डोक्यात शिरेल तर शपथ!"

टॅबच्या प्रशिक्षणवर्गातल्या बावीस अंगणवाडी सेविकांनी माना खाली घातल्या. शेवंताबाईंचे कान तापले. वीस वर्षं पोरं शिकवली, पण एकालाही त्या असं बोलल्या नव्हत्या. एकाएकी त्या उठल्या, व्हरांड्यात गेल्या आणि अगदी लहान पोरीच्या आवाजात ओरडल्या, "आई, माझा डबा कुठंय?"

"ओट्यावर!" आख्खा वर्ग एका सुरात ओरडला आणि हसत सुटला.

शेवंताबाई दारात आल्या. "बघा. इथं सगळ्या आया एकत्र, म्हणून सगळ्या ओरडल्या. पण घरोघरी आई असूनही कुणाचा डबा चुकत नाही, कारण हाक उंबऱ्याच्या आतच राहते. बाहेरून टपाल यायचं तर मात्र नाव, गाव, सगळं लागतं. तो राउटरचा पत्ता. बरोबर ना, मॅडम?"

मॅडम फळ्याकडं वळल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या पुसलेला फळाच पुन्हा पुसत होत्या. कारण "ओट्यावर!" सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच ओरडल्या होत्या.