तळ्यातली जोडीदार

शिबिराच्या तळ्यावर नियम साधा होता: शिट्टी वाजली की आपापल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. पूर्वी या तळ्यात काही मुली बेपत्ता झाल्या, त्यानंतर निघालेला नियम. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं तरी.

आज माझ्या नातीची जोडीदार तापानं फणफणली होती. "काठावरच बस," मी बजावलं. आजोबांचं ऐकायचं नाही, ही आमच्या घराण्याची परंपरा.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. पाण्यातून हातांच्या जोड्या वर आल्या. नातीचीही.

"आजोबा, मला नवी जोडीदार मिळाली!"

तिच्या हातात एक बारीक, पांढराफटक हात होता. शेजारी डोकं मात्र नव्हतं.

"तिला म्हणावं, वर ये!" मी कसाबसा हसलो.

नातीनं पाण्याला कान लावला.

"येत नाही म्हणते. मलाच खाली बोलावतेय."

आणि तिनं मोकळ्या हातानं नाक चिमटीत धरलं.