पंपाच्या खोलीतली युद्धबंदी

"पाना दे. मोठा."

शत्रूच्या मेकॅनिकने पाना फिटरच्या हातावर ठेवला. दोघांचे गणवेश वेगळे होते, पण कोपरापर्यंत ग्रीस एकाच डब्यातलं.

दोन फौजांच्या मधल्या उघड्या मैदानात ही पंपाची खोली होती. इथून एक पाइप इकडे जायचा, एक तिकडे. तीन दिवस दोन्ही कोरडे. फिटरचा थोरला भाऊ पोटात गोळी घेऊन छावणीच्या दवाखान्यात पडला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही तर ऑपरेशन विसरा.

म्हणून सकाळी हा मेकॅनिक अवजारांची पिशवी खांद्याला लावून मैदानातून निवांत चालत येताना दिसला आणि एकही गोळी सुटली नाही, तेव्हा फिटर विचारपूस करत बसला नाही, तोही पंपाकडे निघाला. युद्धबंदीचा निरोप वर्कशॉपपर्यंत नेहमीच सगळ्यात शेवटी यायचा.

"वॉशर गेलाय," मेकॅनिक म्हणाला.

"गेलाय कुठे, भुगा झालाय. बूट काढ."

"काय?"

"तुझ्या बुटाची जीभ अस्सल चामड्याची आहे. आमच्या बुटांत सरकारने पुठ्ठा घातलाय."

मेकॅनिकने दोन्ही सरकारांना शिव्या हासडत बूट काढला.

नवा वॉशर बसला, पण पंपात हवा भरलेली. वरून पाणी ओतल्याशिवाय तो ओढणार नव्हता. दोघांनी आपापल्या बाटल्या त्यात रिकाम्या केल्या. प्यायला आता घोटभरही नव्हतं. मग आळीपाळीने इंजिनाचं हँडल मारलं. खांदे भरून आले, तळहात सोलवटले, पण थांबायचं नाव कोणी घेईना.

तीनच्या सुमाराला इंजिन धडधडलं. पाइप गुरगुरले. पाणी दोन्हीकडे धावलं.

"जा, वाचला तुझा भाऊ," मेकॅनिक म्हणाला.

"तुमचे साहेब भले निघाले बाबा," फिटर पिशवी आवरत म्हणाला. "आमचे काही आधी युद्धबंदी देणारे नाहीत."

"आमचे कुठले? युद्धबंदी तुमच्याकडूनच ना? सकाळी तू तुमच्या छावणीतल्या पाण्याच्या टाकीवर खुशाल उभा होतास. ते बघून तर मी निघालो!"

"थेंबभर उरलंय का ते बघत होतो. जीव मुठीत धरून."

दोघांनी खिडकीतून पाहिलं. दोन्ही बाजूंचे बंदूकवाले खंदकाच्या कठड्यावर पाय सोडून ऊन खात बसले होते.

फिटरने दार उघडलं.

"सावकाश चाल," तो ओठ न हलवता म्हणाला. "पळालो तर त्यांनाही कळेल."