पंचवीस श्वास

साठावा सेकंद झाला, आणि स्वरूप सरांनी घंटा वाजवली नाही.

समोर दर्शना वृश्चिकासनात होती. कोपरं जमिनीवर, पाय डोक्यावरून पुढे वळलेले. घंटेपर्यंत, म्हणजे मिनिटभर, टिकली तर रत्नागिरीतून राज्य स्पर्धेला ती जाणार. आधी पडली तर नम्रता, कारण आधीच्या आसनांत तिचे गुण जास्त होते. नम्रता सरांची मुलगी. भिंतीला टेकून ती रडत होती. याच आसनात एक्कावन्नाव्या सेकंदाला कोसळली होती.

पंच आसनाकडे बघत होते. घड्याळ एकट्या सरांकडे. मुलीच्या स्पर्धेत बापाच्या हाती घड्याळ कसं, असं देवरूखात कुणी विचारलंसुद्धा नाही. सर म्हणजे धुतल्या तांदळासारखे. दोन्ही मुली त्यांच्याच वर्गातल्या. पहिल्या दिवशी ते सगळ्यांना बजावत, आसन ही तिसरी पायरी. आधी यम, मग नियम. खोटं बोलू नका, कुणाला दुखवू नका, दुसऱ्याचं घेऊ नका. मग खुशाल पाय वर करा.

सत्तर. दर्शनाच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. सरांना स्वतःची लाज वाटत होती, तरी बोट हलेना. पड, ते मनात म्हणाले. पड गं बाई, सुटू दे एकदाचं.

ऐंशी. घामाचे थेंब सतरंजीवर टपकत होते. नव्वद. मग थरथर थांबली. पोरीचा चेहरा झोपेत असावा तसा निवांत झाला. सरांना तिकडे बघवेना. शंभराव्या सेकंदाला त्यांनी घंटा बडवली.

टाळ्या झाल्या. सरांनी घाईघाईने घड्याळ शून्यावर आणलं. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. दर्शना पाया पडायला आली, वाकली, आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या हळू बोलली.

"सर, पंधरा श्वासांचं मिनिट होतं, तुम्हीच शिकवलंत. आज पंचवीस झाले."

पंचांना सांगणार आहेस का, असं सरांनी कसंबसं विचारलं.

"नाय सर. सोळाव्या श्वासापासून मी तुमच्यासाठीच टिकून होते. पडले असते, तर उद्या वर्गात तुम्ही पहिली पायरी कशी शिकवली असतीत?"